मध्यंतर मंजूर

६ एप्रिल २०१५, सोमवार

ही डायरी विमा एजंटाने दिलेली, २०१२ सालची. वार जुळत नाहीत, खोडून लिहितो. कागद चांगला आहे, टाकवत नाही.

आज मंडळाच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहावी अशी बातमी आली. बबिन्याहून सुभेदार जयसिंग माने आले होते. माने साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झाल्यावर बबिन्याच्या छावणीजवळच राहिले. आमच्या झाशीच्या महाराष्ट्र मंडळाचे ते सगळ्यात तरुण सभासद आहेत (वय एकसष्ट). त्यांच्या पलटणीतला एक जोडीदार दिल्लीत एका परदेशी वकिलातीच्या फाटकावर पहारा करतो. त्याने कळवलं की ही वकिलात लहान गावांतल्या लहान संस्थांना छोटी अनुदानं देते. त्यांच्या लोकांची आणि आपल्या लोकांची मैत्री व्हावी, एकमेकांच्या कला कळाव्यात, एवढाच हेतू.

देशाचं नाव इथे लिहीत नाही. ग्वाल्हेरला सुगावा लागला तर संपलंच. तिथे मराठी माणसं आमच्या वीसपट आणि अर्ज करण्यात पटाईत.

माने म्हणाले, "पाळंदेसाहेब, तुमचं नाटक काढा की बाहेर."

माझ्याही मनात तेच आलं होतं. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झाल्यावर मी 'शिष्टाई' लिहिलं. तीन अंक, तेहतीस पात्रं. पेशव्यांचा एक वकील जहाजाने परमुलखी जातो आणि तिथल्या दरबारात दोन अंक बोलतो. मंडळाचे एकोणीस सभासद आहेत, त्यांतल्या सहांना नीट ऐकू येतं, म्हणून प्रयोग राहून गेला. वकिलातीला वकिलाचंच नाटक पाठवायचं. याहून चपखल काय असणार?

घरी बायकोला, कमलला सांगितलं. ती कुरडया वाळत घालायला गच्चीवर चालली होती. म्हणाली, "बरं." बावीस पायऱ्यांवरून एवढंच ऐकू आलं.

९ एप्रिल, गुरुवार

अर्ज मोठा किचकट आहे. संगणकावर भरायचा, इंग्रजीत. त्यासाठी अनुसूयाला बोलावलं. ती आमच्या गल्लीतल्या गजानन करकऱ्यांची नात. मऊरानीपूरच्या बँकेत आहे, रोज गाडीने जाते-येते. नाव पणजीचं, मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत देते.

प्रश्न एकाहून एक. सगळ्यात शेवटचा म्हणजे, 'या प्रकल्पामुळे नेमकं काय बदलेल? मोजता येईल असं लिहा.'

मी सांगितलं, "रसिकांची अभिरुची."

"काकाजी, वो मापेंगे कैसे?"

"पुष्कळ, असं लिही."

तिने काय लिहिलं ते पाहिलं नाही. पण खरी अडचण पुढेच निघाली. सहभागी लोकांत निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि निम्मे लोक पंचविशीच्या आतले. 'शिष्टाई'त स्त्री एकच आहे. राणी. दुसऱ्या अंकात तिला मूर्च्छा येते आणि ती पुन्हा उठत नाही.

१२ एप्रिल, रविवार

कार्यकारिणीची सभा. चिटणीस म्हणून मी बोलावली. बड्या बाजारामागचं आमचं सभागृह झाडून घेतलं. पाच जण हजर, त्यांपैकी दोघे जागे.

तोडगा मान्यांनी काढला. "मध्यंतरात पोरींचा भोंडला ठेवा. पंधरा मिनिटं. बायका पण झाल्या, तरुण पण झाले. नाटकाला धक्का नाही."

फौजेतला माणूस, त्याला रसद कुठून आणायची ते बरोबर कळतं.

भोंडला म्हणजे काय हे वकिलातीला कळायला हवं, म्हणून संध्याकाळी अनुसूयाला चार ओळी सांगितल्या. नवरात्रात पाटावर हत्ती काढायचा, पाट मधे ठेवायचा. मुलींनी भोवती फेर धरून गाणी म्हणायची. शेवटी झाकल्या डब्यात कोणती खिरापत आहे ते सगळ्यांनी ओळखायचं, आणि मग ती वाटून खायची. एवढंच. तिने दोन पानं लिहिली. इंग्रजीला जागा जास्त लागते.

संचालिका म्हणून कमलचं नाव घातलं. पूर्वी मंडळात भोंडला तीच घ्यायची. मग तिचे गुडघे दुखायला लागले आणि ती मंडळात यायची बंद झाली. याला सहा वर्षं झाली. सभागृहाला तीन पायऱ्या आहेत ना. तिच्याशिवाय कार्यक्रम कोरडे होतात, हे मी कोणाला सांगत नाही. चहासुद्धा गार मिळतो.

नाव घातल्याचं तिला सांगायचं राहिलं. मंजुरी आली की सांगीन. आधीच सांगून माणसाला आशेला लावू नये.

२० एप्रिल, सोमवार

अर्ज गेला. अनुसूयाने कळ दाबण्याआधी मी ओंकारेश्वराचं नाव घेतलं. ती म्हणाली, "काकाजी, नेट स्लो है, दो बार ले लीजिए."

घरी येऊन 'शिष्टाई'चा तिसरा अंक थोडा वाढवला.

३ जुलै, शुक्रवार

दुपारी अनुसूयाचा फोन. गाडीतून बोलत होती, मागे चणेवाल्याची आरोळी.

"काकाजी, हो गया! मंजूर हो गया!"

मी देवापुढे साखर ठेवली. मग संध्याकाळी तिने येऊन पत्र वाचून दाखवलं, तेव्हा साखरेला मुंग्या लागल्या होत्या.

तपशील असा. समितीने आमचा अर्ज आनंदाने वाचला. तीन अंकी नाटकाला साहाय्य करणं तूर्त शक्य नाही. मात्र मध्यंतरातल्या पंधरा मिनिटांनी समिती फार प्रभावित झाली आहे. तो भाग आम्ही संपूर्ण संध्याकाळचा करावा. त्यांच्या देशातही उन्हाळ्यात पाना-फुलांनी सजवलेल्या खांबाभोवती मुली फेर धरून गातात. दोन्ही फेर एकाच अंगणात पाहायला त्यांना आवडेल.

थोडक्यात, त्यांनी मध्यंतर मंजूर केलं आहे.

"आणि नाटक?" मी विचारलं.

"नाटक काट दिया, काकाजी." मुलगी हळू बोलली, पण चेहरा दुःखी नव्हता.

मान्यांना फोन केला. ते म्हणाले, "म्हणजे जेवण परत, नुसती कोशिंबीर पाठवा म्हणतात." मला हसू आलं नाही.

५ जुलै, रविवार

दोन दिवस विचार केला. मंडळाला इतक्या वर्षांत बाहेरून कोणी हाक मारली नव्हती. आता मारली आहे तर ओ द्यायला हवी. नवरात्रात भोंडला झाला नाही तर पत्र परत, नाव परत, आणि पुढल्या खेपेला ग्वाल्हेर.

कमल तांदूळ निवडत होती. सगळं सांगितलं. तिचं नाव संचालिका म्हणून घातलंय हेही सांगितलं. तिने सुपातून मान वर केली नाही.

"मला विचारलं होतंत?"

"अगं, मंजुरीच नव्हती."

"मग आता माझीपण मंजुरी नाही."

"कमल, दिल्लीची वकिलात आहे."

"असू दे हो. माझ्याकडे वेळ नाही. वेळेअभावी म्हणून लिहून टाका."

'वेळेअभावी' हा शब्द तिला कुठून सुचला कोण जाणे. घरात आम्ही असं बोलत नाही. गुडघ्यांचं कारण तिला सांगायचं नसेल, बायका दुखणं लपवतात. मी आयोडेक्सची बाटली आणून तिच्याजवळ ठेवली. तिने ती उचलून माझ्या चष्म्याशेजारी ठेवली.

१४ जुलै, मंगळवार

बबिन्याला गेलो होतो. मान्यांच्या सौ. पुष्पाबाई दणकट बाई आहेत, आवाजही खणखणीत. म्हटलं, तुम्हीच घ्या भोंडला.

"घेते की. पर आमच्याकडं हादगा म्हंत्यात. गाणी येगळी. झाशीचा भोंडला कमलताईंचा. तो मला यील का?"

"तुम्ही तो पाहिलाय कुठे?"

"पाहिलाय? मी होते की तिथं. सहा वर्साखाली. पाच पोरी घेऊन बबिन्याहून आल्ते, नवी साडी नेसून." मग त्या नवऱ्याकडे पाहत राहिल्या. नवरा पंख्याकडे पाहत राहिला.

मी पुढे विचारणार होतो, पण बसची वेळ झाली. येताना त्यांनी शेंगांची चटणी दिली. कमलने तेवढी आवडीने घेतली.

२ ऑगस्ट, रविवार

स्वतःच शिकवायचं ठरवलं आहे. पुण्याहून भोंडल्याच्या गाण्यांची दोन पुस्तकं मागवली आणि गल्लीतल्या मुली जमवल्या. अकरा आल्या. त्यांत मराठी घरच्या दोन, बाकी आसपासच्या बुंदेली घरांतल्या.

हत्ती मीच काढला. नोकरीत छत्तीस वर्षं नकाशे काढले, हत्तीची काय कथा. प्रमाण एकास वीस, समोरून एक, बाजूने एक. मुली बराच वेळ बघत उभ्या होत्या. मग एकीने विचारलं, "अंकलजी, जौ इंजन आय का?"

पुस्तकातली गाणी त्यांच्या तोंडी बसेनात. मधेच एक धाकटी आपलीच गायला लागली आणि सगळ्यांचे पाय आपोआप फिरायला लागले,

हमाए अँगना हत्ती आओ, काय देऊ खायाला?
गन्ना टोरो, केरा टोरो, पाणी ठेवा प्यायाला.

मी थांबवलं. म्हटलं, बेटा, ही भाषा शुद्ध नाही. अर्धी इकडची, अर्धी तिकडची. कोणी शिकवलं?

"दीदी ने। दीदी को काकी ने सिखाओ तो।"

कोण काकी ते सांगण्याआधी तिची आई बोलवायला आली.

४ ऑगस्ट, मंगळवार

आज चार मुली आल्या. त्यांतली एक पाणी मागायला आली होती.

११ ऑगस्ट, मंगळवार

वकिलातीतून इंगाबाईंचं पत्र. या तिथे सांस्कृतिक कामं बघतात. सतरा ऑक्टोबरला त्या स्वतः झाशीला येणार. अर्जात वर्णन केलेल्या श्रीमती कमल यांना भेटायची त्यांना फार उत्सुकता आहे. आणि ज्या गाण्यात हत्ती दोन भाषांच्या अंगणात येतो ते गाणं ऐकायचं आहे.

अनुसूयाला विचारलं, हे गाणं अर्जात कोणी घातलं? ती म्हणाली, "मैंने, काकाजी. मैं काकी के भोंडले में सात साल नाची हूँ. मुझे मराठी उतनी ही आती है जितनी उन गानों में है."

मला ठाऊक नव्हतं. म्हणजे ती नाचायची ते आठवतं, बाकीचं नव्हतं.

कमलला पत्र दाखवलं. तिने दोनदा वाचलं, घडी घालून मला परत दिलं. "बाईंना म्हणावं या. चहा करीन. घरी."

"आणि सभागृहात?"

ती आत गेली. काय करावं ते खरंच कळत नाही. बाई येणार, मुली नाहीत, गाणं नाही, आणि जिच्यासाठी येणार ती पायरी चढायला तयार नाही.

२३ ऑगस्ट, रविवार

आजचं लिहायला जड जातंय, तरी लिहितो.

वकिलातीने आधीच्या भोंडल्यांची नोंद मागितली होती. म्हणून मंडळात जाऊन जुनी इतिवृत्तं काढली. २००९ ची वही माझ्याच अक्षरात आहे. वळणदार अक्षर, खाली रेघ.

'ठराव चौथा. गाण्यांची भाषा अशुद्ध असल्याने व वेळेअभावी भोंडल्याचा कार्यक्रम यंदापासून वगळण्यात यावा. सूचक, म. ग. पाळंदे. अनुमोदक, म. ग. पाळंदे.'

तारीख २६ सप्टेंबर. कार्यक्रमाचीच तारीख. म्हणजे आधी वगळला आणि ठराव मागाहून लिहिला.

मग एकेक आठवलं. त्या दिवशी पुण्याहून एक विद्वान पाहुणे आले होते. बाहेर मुली तालमीतलं म्हणत होत्या, हमाए अँगना की काय ते. पाहुणे हसून म्हणाले, "वा, ही कुठली मराठी?" सहज म्हणाले असतील. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अडीचशे वर्षं इथे राहून आम्ही भाषा बिघडवली, असं पुण्यात जाऊन सांगतील, हे मनात आलं. मी दारात जाऊन कमलला म्हटलं, "वेळ नाही गं, पुढल्या वर्षी बघू." सगळ्यांसमोर म्हटलं. ती पितळेचा डबा घेऊन उभी होती. मागे पोरी परकर-पोलक्यांत, पुष्पाबाई नव्या साडीत. कमलने पाटावरच्या हत्तीवर टॉवेल टाकला, तो पाट काखेत घेतला आणि गेली. मी आत येऊन भाषण केलं.

गुडघे. सहा वर्षं मी येईल त्याला तिचे गुडघे सांगतोय. कुरडयांच्या वेळी ती दिवसातून चार वेळा गच्चीवर जाते, हे याच डायरीत लिहिलं असेल.

लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

घरी आलो तर तिने पुऱ्या केल्या होत्या. जेवताना सांगायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते, "मीठ बरोबर आहे."

३० ऑगस्ट, रविवार

मला बोलून माफी मागता येत नाही. माझे वडील, बापू, त्यांनाही येत नसे, त्यांच्याही बापांना येत नसणार. लिहिता मात्र येतं. म्हणून विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. सात सभासद हजर. कोरमला एक कमी पडत होता म्हणून मान्यांनी एकाला त्याच्या दुकानातून उचलून आणला.

ठराव मांडला. '२६ सप्टेंबर २००९ चा ठराव चौथा चुकीचा व अन्यायाचा असल्याने रद्द करण्यात यावा. सूचक, म. ग. पाळंदे.' माने उठून उभे राहिले, छाती काढून म्हणाले, "अनुमोदन!" मग हळूच, "एवढी वर्सं लावलीत, साहेब. घरात माझं जेवण बेचव झालं होतं तुमच्यापायी." म्हणजे पुष्पाबाईंनी दर नवरात्रात त्यांना ऐकवलं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. मंडळात एकट्या चिटणिसाला ठाऊक नव्हतं.

वही घरी आणली आणि कमलपुढे उघडून ठेवली. तिने चष्मा लावला. जुना ठराव वाचला, नवा वाचला. मी उभाच होतो.

"अशुद्ध कुठे गेलं?"

"काय?"

"गाण्यांची भाषा अशुद्ध लिहिलंय इथे. तुम्ही ठराव रद्द केलात, पण भाषा अशुद्ध नाही असं कुठे लिहिलंत?" तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "माझ्या सासूबाईंनी शिकवलीत ती गाणी. त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. शेजारच्या बायका अंगणात यायच्या, त्या आपली ओळ घालायच्या, आपण आपली. याला अशुद्ध म्हणता? पाहुणे हसले ते मला चाललं असतं हो. तुम्ही लाजलात."

मी पेन काढलं. लिहिलं, 'गाण्यांची भाषा झाशीची असून ती जशी आहे तशीच योग्य आहे.' तिने वाचून मान हलवली.

"अजून एक. त्या दिवशी तुमचं भाषण किती वेळ होतं?"

"आठवत नाही."

"बरं. तर या खेपेला चिटणिसांचं भाषण वेळेअभावी वगळण्यात यावं. लिहा. सूचक, कमल पाळंदे."

लिहिलं. अनुमोदक कोण, म्हटलं. तर म्हणाली, "तुम्हाला सवय आहे दोन्ही जागी सही करायची."

६ सप्टेंबर, रविवार

तालीम आमच्या गच्चीवर. सतरा मुली. एकीलाही बोलवायला गेलो नव्हतो. पुष्पाबाई बबिन्याहून सहा जणी घेऊन आल्या, दोन पंजाबी, एक तमिळ. त्यांचा हादगा आणि आमचा भोंडला यांवर दोघींचं आधी चांगलंच वाजलं, मग चहा झाला, मग दोन्ही ठरले. मला गच्चीवर यायला बंदी आहे. पायऱ्यांवर बसून ऐकलं. माझा हत्ती रद्द झाला आहे.

१८ ऑक्टोबर, रविवार

काल झालं सगळं. थकलो आहे, पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

इंगाबाई सकाळच्या गाडीने आल्या. उंच, पिकल्या केसांच्या, बनारसला हिंदी शिकलेल्या. मी पाठ केलेलं इंग्रजी वाया गेलं. त्यांनी सभागृहाच्या अंगणात बांबू रोवून घेतला, त्याला आंब्याचे डहाळे आणि झेंडूच्या माळा गुंडाळल्या. फेरातल्या धाकट्या मुली म्हणाल्या, अरे, ये तो मामुलिया है! इथल्या मुली काटेरी फांदीला फुलं खोचून गात मिरवतात, ती मामुलिया. बाईंनी ते वहीत टिपून घेतलं. त्यांना वाटलं होतं, त्या इथे काहीतरी नवं घेऊन आल्या आहेत.

पाच वाजता कमल आली. हिरवं इरकल, हातात तोच पितळेचा डबा. पहिली पायरी चढली, दुसरीवर थांबली. मी हात पुढे केला.

"गुडघे ठीक आहेत माझे," म्हणाली, आणि डबा माझ्या हातात दिला. "हा धरा. हलवून बघू नका."

फेर सुरू झाला. पाटावरचा हत्ती तिने काढलेला, पोट मोठं, डोळा हसरा, कोणत्याच प्रमाणात नसलेला. बबिन्याच्या मुली, गल्लीतल्या मुली, मऊरानीपूरहून धावत आलेली अनुसूया, मधे इंगाबाई. हमाए अँगना हत्ती आओ. त्या गाण्याला मी आयुष्यात पहिल्यांदा नीट कान दिला. माझी आई ते म्हणायची. तिच्या तोंडी ते मला कधी अशुद्ध वाटलं नव्हतं.

मग खिरापत ओळखायची. पाहुण्यांचा मान पहिला. इंगाबाई डबा कानाशी नेऊन म्हणाल्या, "मछली?" पोरी हसून हसून आडव्या झाल्या. माने म्हणाले बुंदी, पुष्पाबाई म्हणाल्या करंजी. कोणाला जमलं नाही. झाकण निघालं तर आत महुव्याचे लटे, भाजलेला महुवा तिळाबरोबर कुटून वळलेले. शेजारच्या अंगणातली खिरापत. इंगाबाईंनी तीन खाल्ले आणि एक रुमालात बांधून घेतला.

कार्यक्रमपत्रिकेत 'चिटणिसांचं भाषण' या ओळीवर रेघ होती. लोकांना बरं वाटलं असावं, कारण टाळ्या तिथे पडल्या.

रिक्षातून येताना कमलला विचारलं, "त्या दिवशी डब्यात काय होतं? दोन हजार नऊला?"

ती बाहेर बघत होती. "ओळखा," म्हणाली.

२५ ऑक्टोबर, रविवार

अनुसूया आली होती. वकिलातीला अहवाल पाठवायचा आहे. शेवटचा प्रश्न पुन्हा तोच. प्रकल्पामुळे नेमकं काय बदललं? मोजता येईल असं लिहा.

मी सांगितलं, "एक."

"एक क्या, काकाजी?"

"सभासद. सहा वर्षांनी परत आली."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि टाइप केलं. या खेपेला चार ओळींतच आटोपलं.

कमलला सकाळी म्हटलं, त्या डब्यात बेसनाच्या वड्या. नाही म्हणाली. काल गुळपापडी झाली, परवा सुधारस. नाही, नाही. "दिवसाला एकच," असा नियम घातला आहे. मी पुढल्या महिनाभराची यादी करून ठेवली आहे.

१ नोव्हेंबर, रविवार

यादी बाद.

सकाळी म्हटलं, शंकरपाळे. कमल हसली. म्हणाली, "किती दिवस चालवणार? तुमच्याच अक्षरात लिहून ठेवलेलं असेल. तुम्ही काय लिहीत नाही?"

माळ्यावरून ट्रंक काढली. २००९ ची डायरी सापडली, तीही विम्याचीच. २६ सप्टेंबर, शनिवार. नोंद जशीच्या तशी उतरवतो.

'कार्यक्रम उत्तम. भाषण पंचावन्न मिनिटं, टाळ्या. पाहुणे खूश. घरी जेवायला साटोऱ्या. दसऱ्याआधीच कशा केल्या कळलं नाही. फार सुरेख. पाच खाल्ल्या. कमल जेवली नाही, गुडघे दुखत असावेत.'

साटोऱ्या मला जिवापाड आवडतात. एवढ्या मुलींच्या खिरापतीसाठी तिने त्या केल्या होत्या, कारण त्या दिवशी ओळखणाऱ्यांत मीही असणार होतो. डबा न उघडता घरी आला. तिने तो माझ्याच पानात वाढला आणि मी न ओळखता जेवलो.

मग डायरी घेऊन स्वयंपाकघरात गेलो. कमल कणीक मळत होती.

"साटोऱ्या," म्हटलं.

तिचे हात थांबले. तिने वळून पाहिलं. "किती खाल्ल्या होत्यात?"

"पाच."

"सात," ती म्हणाली, आणि पुन्हा कणीक मळायला लागली.

२००९ च्या डायरीत पाच खोडून सात केलं आहे. खाली दोघांच्या सह्या आहेत.